थांबला की नाही? : ट्रायल्समधील २०१३ च्या नियमबदलाचे प्रकरण

ट्रायल्स ही मोटारसायकलची स्पर्धा असली तरी तिच्यात कोणी कोणाला मागे टाकत नाही. ओढ्याचे पात्र, दगडांची रास, झाडाची उघडी पडलेली मुळे, निसरडा चढ अशा जागी फिती बांधून काही मीटरांचा एक तुकडा आखलेला असतो. त्याला सेक्शन म्हणतात, आणि जमिनीला पाय न लावता तो पार करायचा असतो. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. गाडी पडली, फितीबाहेर गेली किंवा सेक्शन पुरा झालाच नाही तर पाच. दिवसअखेर ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकला. हिशेब इतका सरळ आहे की पहिल्यांदा पाहायला आलेल्या माणसालाही तो पाच मिनिटांत कळतो. तरीही या खेळात एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: सेक्शनच्या मधोमध गाडी क्षणभर उभी राहिली आणि स्वाराचे दोन्ही पाय फूटपेगवरच, म्हणजे गाडीच्या पायदांड्यांवरच असले, तर त्याला दंड द्यायचा की नाही?

२०१३ साली आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, मैदानी जागतिक अजिंक्यपद मालिकेपुरते या प्रश्नाचे उत्तर दिले. गाडीची पुढे जाण्याची गती तुटली की पाच दंडगुण, मग पाय टेकलेला असो वा नसो. हा निर्णय कशातून आला, त्यातून काय साधले आणि काय साधले नाही, याचा हा अभ्यास आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. खेळाला जडलेले दुखणे महासंघाने बरोबर ओळखले होते, पण उपचाराचा सगळा भार त्याने अशा एका माणसावर टाकला ज्याच्याकडे तो पेलण्याचे साधनच नव्हते. तो माणूस म्हणजे सेक्शनच्या कडेला उभा राहून दंडगुण देणारा निरीक्षक.

दुखणे कुठून आले

ट्रायल म्हणजे मुळात गाडीची परीक्षा. स्कॉटलंडमध्ये १९०९ साली पाच दिवसांची जी चाचणी सुरू झाली आणि दोन वर्षांनी जी सहा दिवसांची झाली, तिच्यात पाहायचे होते ते एवढेच की त्या काळच्या मोटारसायकली डोंगरातल्या खराब वाटांवर टिकतात की नाही. यॉर्कशरमध्ये १९१४ साली सुरू झालेली स्कॉट ट्रायलही एका मोटारसायकल कारखान्याच्या आपल्या माणसांच्या चढाओढीतून जन्मली. गाडी जड, इंजिन मोठे, चाकांना पकड बेताची. अशा वाहनाला ओढ्यात थांबवले तर ते पुन्हा निघणार नाही हे उघडच होते. त्यामुळे थांबणे ही चूक आहे हे कोणाला नियमात लिहावेही लागत नव्हते. दगडच ते सांगत होते.

हे चित्र दोन टप्प्यांत बदलले. पहिला टप्पा गाडीचा होता. सॅमी मिलर ५०० सीसीच्या चार-स्ट्रोक एरियलवर वर्षानुवर्षे जिंकत होता. तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, तिथे हलकी दोन-स्ट्रोक गाडी घडवण्यात त्याने हातभार लावला आणि १९६५ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा तिच्यावर जिंकून दाखवली. जड ब्रिटिश गाड्यांची सद्दी तिथेच संपली. १९७५ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिन इंग्लंडचा होता, पण त्याची गाडी बुल्टाकोच होती.

दुसरा टप्पा शरीराचा होता, आणि माझ्या मते खरी उलथापालथ त्याने केली. १९७९ चा जगज्जेता बर्नी श्रायबर, हा मान मिळवलेला आजवरचा एकमेव अमेरिकन, चाक उचलून गाडी जागच्या जागी वळवण्याच्या तंत्रासाठी ओळखला गेला. त्याच्यानंतर जॉर्डी टॅरेस आला. तो सायकलवरच्या ट्रायल्समधून आलेला होता, जिथे उभे राहणे, उड्या मारत चाक बाजूला सरकवणे आणि मग झेप घेणे हा रोजचा सराव असतो. हे सगळे त्याने मोटारसायकलवर आणले आणि १९८७ ते १९९५ या काळात सात जागतिक विजेतेपदे मिळवली. त्याच्यानंतरच्या पिढीने चढ कसा चढायचा हे त्याच्याकडे पाहूनच शिकून घेतले.

गाडी उभी कशी राहते हे जवळून पाहिले नाही तर पुढचा वाद समजणार नाही. आजच्या ट्रायल्सच्या गाडीचे वजन सत्तर किलोंच्या आसपास असते, म्हणजे स्वार आणि गाडी जवळजवळ तुल्यबळ. बसायला सीट नसतेच. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल. मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआय, जिथे मोटारीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असते. त्यामुळे टायर दगडावर चपटा होऊन त्याला मिठी मारल्यासारखा बसतो. स्वार हँडल एका बाजूला पूर्ण वळवतो, एका बोटाने पुढचा ब्रेक धरतो, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने क्लच दाबून ठेवतो आणि गुडघे किंचित वाकवून फूटपेगवर उभा राहतो. तोल एका बाजूला गेला की कंबर उलट बाजूला सरकते. सस्पेन्शन दाबून सोडले की मागचे चाक उडते आणि बोटभर बाजूला जाऊन बसते. असे दोन-तीनदा केले की गाडीचे तोंड नेमके पुढच्या दगडाकडे वळते. मग इंजिनाचा आवाज चढतो, क्लच एकदम सुटतो आणि माणसाच्या छातीएवढ्या उंच दगडावर गाडी जवळजवळ उभीच चढते. हे पाहताना श्वास रोखला जातो, आणि थांबणे वाईट असे म्हणणाऱ्या कोणालाही मी आधी हे दृश्य दहा फुटांवरून पाहायला सांगेन.

पण याच कौशल्याने सेक्शन आखणाऱ्यांना कोंडीत पकडले. थांबून, दिशा जुळवून, पुन्हा झेप घेता येते म्हटल्यावर नैसर्गिक ओढा अव्वल स्वारांना पुरेनासा झाला. सगळेच शून्य गुणांत पार होऊ लागले तर निकाल लागणार कसा? म्हणून दगड मोठे झाले, पायऱ्या उंच झाल्या, उतरण्याच्या जागा धोक्याच्या झाल्या. पडणाऱ्या गाडीला आणि माणसाला सावरण्यासाठी प्रत्येक मोठ्या स्वाराबरोबर एक मदतनीस सेक्शनमधून चालू लागला. एकेका स्वाराला लागणारा वेळ वाढला, म्हणून घड्याळ आले. आणि रविवारी आपल्या क्लबात गाडी घेऊन येणारा माणूस, ज्याच्या वर्गणीवर आणि श्रमांवर हा सगळा डोलारा उभा असतो, तो जागतिक स्पर्धा पाहून घरी जाताना म्हणू लागला की हा खेळ माझा नाही.

निर्णय आणि त्यामागची अपेक्षा

'थांबायचे नाही' या नियमाच्या बाजूने जे बोलले जात होते त्याचा गाभा हाच होता. गती तुटू द्यायची नाही म्हटले की उड्या मारत दिशा जुळवणे संपेल, सेक्शन आपोआप खालच्या पातळीवर येतील, धोका कमी होईल, रांगा कमी होतील आणि वरचा खेळ व खालचा खेळ पुन्हा एकमेकांना ओळखू लागतील. ब्रिटनमधल्या क्लबांच्या परंपरेला हे पटणारे होते, कारण तिथे वाहत्या ओढ्यातून एका दमात गाडी काढणे यालाच ट्रायल्स म्हणत आले आहेत. विरोधाचा सूर स्पेनमध्ये अधिक चढा होता. लहानपणापासून सायकलवर उभे राहायला शिकलेल्या मुलांना आता सांगायचे की तुमच्या हातातली अर्धी विद्या विसरा, हे तिथल्या स्वारांना अन्यायाचे वाटले, आणि ते वाटणे मला समजते.

एक विसंगती पहिल्या दिवसापासून होती. बंदिस्त सभागृहात, कृत्रिम अडथळ्यांवर होणाऱ्या जागतिक मालिकेत थांबण्याची मुभा तशीच राहिली. म्हणजे हिवाळ्यात ज्या स्वाराने उभे राहून टाळ्या घ्यायच्या, त्यानेच उन्हाळ्यात मैदानावर क्षणभरही उभे राहायचे नाही. तरुण स्वाराने सराव कशाचा करायचा, हा प्रश्न प्रशिक्षकांवर सोडून देण्यात आला.

काय घडले

विजेत्याच्या बाबतीत काहीच घडले नाही. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही विजेतेपदे दरवर्षी जिंकत होता. २०१३ सालीही त्याने ती जिंकली आणि २०२४ पर्यंत एकही वर्ष चुकवले नाही. नियम बदलला की जिंकणारा बदलतो ही समजूत या एका नोंदीपुढे टिकत नाही. डगी लॅम्पकिनने १९९७ ते २००३ अशी सलग सात मैदानी जागतिक विजेतेपदे मिळवली आणि जुन्या धाटणीच्या स्कॉटिश स्पर्धेत बारा वेळा पहिला आला. उत्तम स्वार कुठल्याही नियमाखाली उत्तमच असतो. नियमाने फरक पडतो तो दहाव्या, विसाव्या क्रमांकाच्या स्वाराला, आणि त्याहून जास्त फरक पडतो गुण देणाऱ्याला.

या प्रकरणाचा कणा मला इथे दिसतो. पाय टेकणे ही घटना आहे. ती घडते किंवा घडत नाही. बूट जमिनीला लागताना दिसतो, कधी चिखलात ठसाही राहतो. गती तुटणे मात्र एका सरकत्या मापाचे टोक आहे. चढाच्या तोंडाशी गाडी मंद होते, आणखी मंद होते, मागचे चाक घसरत फिरत असते पण गाडी जागेवरच असते, पुढचे चाक दगडाला टेकून अर्धा क्षण अडते आणि मग वर सरकते. यात ती थांबली का? निरीक्षक डावीकडे उभा असेल तर त्याला एक दिसते, उजवीकडे उभा असेल तर दुसरे. स्वाराचे शरीर त्या अर्ध्या क्षणातही हलतच असते, म्हणून डोळ्याला गती तुटली नाही असे वाटते; चाकाच्या आसावर नजर ठेवणाऱ्याला तुटलेली दिसते.

आता गुणांकडे पाहा. निरीक्षकाने थांबला म्हटले तर पाच, नाही म्हटले तर शून्य. या खेळात याहून मोठा फरक नाही. म्हणजे पत्रकावरचा सर्वांत जड आकडा डोळ्याला सर्वांत कमी खात्रीने दिसणाऱ्या गोष्टीला जोडला गेला. पाय टेकण्याबद्दल निरीक्षक चुकला तर एका गुणाची चूक होते; थांबण्याबद्दल चुकला तर दिवसभराची मेहनत वाया जाऊ शकते. चांगल्या स्वाराने तर कमीत कमी वेगाने सरकत राहायला शिकणे, म्हणजे निरीक्षकाला जास्तीत जास्त संशयात ठेवणे, हेच शहाणपणाचे ठरले. हा कोणाच्या लबाडीचा प्रश्न नाही. नियमाची रचनाच तसे करायला भाग पाडते.

निरीक्षक हा बहुतेक ठिकाणी पगारी माणूस नसतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. तो क्लबचा जुना सदस्य असतो, कोणाचा तरी बाप असतो, गुडघे गेले म्हणून स्वतः गाडी चालवणे सोडलेला असतो. स्कॉटिश सहा दिवसांच्या स्पर्धेत रोज तीस सेक्शन असतात आणि पावणेतीनशेच्या आसपास स्वार उतरतात. सगळे टिकले असे धरले तर एका दिवसात आठ हजारांहून अधिक वेळा कोणीतरी स्वयंसेवक पावसात उभा राहून आकडा ठरवतो. तिथे कॅमेरा नसतो, दुसरे मत नसते, पुन्हा पाहण्याची सोय नसते. पुढचा स्वार सेक्शनच्या तोंडाशी येऊन उभा असतो आणि हात वर करून त्याला आत बोलवायचे असते. अशा माणसाला 'गती तुटली का' हे विचारणे आणि त्याच्या उत्तरावर पाच गुण लावणे, ही त्याच्यावर टाकलेली जोखीम आहे. शिव्या खाणारा तोच असतो, आणि दोन-तीनदा शिव्या खाल्ल्यावर पुढच्या वर्षी तो येत नाही.

क्लबात चालते, मग वर का अडते

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अनेक क्लबांमध्ये हाच नियम वर्षानुवर्षे कुरबुरीशिवाय चालतो. मग दोष नियमाचा कसा?

क्लबात सेक्शनच असा आखलेला असतो की थांबण्यात काही फायदा नसतो. ओल्या गोट्यांवरून वर जाणाऱ्या ओढ्यात जो थांबला त्याची पकड सुटली, आणि पकड सुटली की पाय टेकलाच. तिथे नियम आणि दगड एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे निरीक्षकाला सूक्ष्म निवाडा करण्याची वेळ क्वचित येते. जागतिक पातळीवर उंच पायरी आणि तिच्याआधी जेमतेम गाडीएवढी जागा अशी आखणी असेल, तर तो अडथळाच स्वाराला थांबायला सांगत असतो आणि नियम नको म्हणत असतो. दोन्हींच्या मध्ये निरीक्षक सापडतो. कागदावरचा नियम एका बैठकीत बदलता येतो. सेक्शन आखणाऱ्याचा हात, ज्याने वीस वर्षे उभे राहणाऱ्या स्वारांसाठी आखले, तो एका मोसमात बदलत नाही. क्रम उलटा हवा होता असे मला ठामपणे वाटते. आधी आखणी बदलायची, लांब, वाहत्या, पकडीची परीक्षा घेणाऱ्या सेक्शनांकडे वळायचे, आणि मग नियम त्या आखणीच्या मागे उभा करायचा.

वरचा खेळ आणि खालचा खेळ यांच्यात जोडणी करण्याचे काम प्रत्यक्षात दुसऱ्याच एका साध्या सोयीने केले आहे, तिच्याकडे या वादात पुरेसे लक्ष गेले नाही. एकाच सेक्शनमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या बाणांनी वेगवेगळ्या वाटा आखतात. अव्वल स्वार मोठ्या दगडावरून जातो, नवखा त्याच्या बाजूने, जुन्या दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या गाडीवरचा स्वार तिसऱ्या वाटेने. निरीक्षक तोच, फिती त्याच. जागतिक स्पर्धेतही महिला आणि तरुण गटांच्या वाटा अशाच ठरतात. स्पेनच्या लाया सान्झने महिलांची तेरा जागतिक विजेतेपदे मिळवली ती अशाच वेगळ्या वाटांवर. शिडी बांधायची असेल तर ती इथे बांधली जाते.

गुणी स्वार ट्रायल्स सोडून जातात ही तक्रारही या नियमाच्या खात्यावर मांडली जाते, ती मला मान्य नाही. ट्रायल्समध्ये तयार झालेला पोलंडचा ताडेऊश ब्वाझुसियाक २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे ऑस्ट्रियातली एर्झबर्गची खडतर एंड्युरो शर्यत, म्हणजे डोंगरातल्या अवघड वाटांवरची वेळेची शर्यत, जिंकत होता, म्हणजे नियम बदलण्याच्या कितीतरी आधी. स्कॉटलंड गाजवलेला ग्रॅहम जार्विसही त्याच वाटेने गेला. तिथे पहिला पोचेल तो जिंकला, हे प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही, आणि पैसा प्रेक्षकाच्या मागे जातो. ट्रायल्सचा गुण मात्र निरीक्षकाने बोटे वर करून दाखवल्याशिवाय कोणाला कळत नाही.

दुसरा मार्ग कोणता होता

थांबण्याची मुभा द्यायची आणि घड्याळ कडक ठेवायचे, हा एक मार्ग आहे. त्यात निवाडा सोपा होतो, कारण शिटी वाजली की वेळ संपली; पण सेक्शन पुन्हा उंच होत जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते. मला अधिक पटणारा मार्ग मधला आहे: थांबण्याला पाचऐवजी एक दंडगुण. थांबणे पाय टेकण्याइतकेच महाग ठेवले तर ते फुकटही राहत नाही आणि जीवघेणेही ठरत नाही. निरीक्षक चुकला तरी एका गुणाने चुकतो, आणि एका गुणासाठी कोणी त्याच्या अंगावर धावून जात नाही. यातही मंद सरकण्याचा संशय उरतोच, हे कबूल करतो. पण त्या संशयाची किंमत निरीक्षकाच्या डोळ्याला झेपेल एवढी होते.

हा प्रश्न जुन्या मंडळींच्या हळवेपणाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही, कारण आता तो नव्या रूपात दारात उभा आहे. २०१७ साली एफआयएमने विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र चषक सुरू केला, पुढच्या वर्षी यामाहाने टीवाय-ई ही गाडी त्यात उतरवली, आणि २०२४ साली होंडाची विजेवरची आरटीएल जपानच्या राष्ट्रीय मालिकेत २००४ चा जगज्जेता ताकाहिसा फुजिनामी चालवताना दिसला. या गाड्यांचा आवाज नसतो, म्हणून वस्तीजवळची जी जमीन क्लबांना आजवर मिळत नव्हती ती मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे, आणि जमीन हा या खेळाचा श्वास असल्याने मला या गाड्यांबद्दल मनापासून आशा आहे. पण विजेच्या मोटरचा जोर शून्य फेऱ्यांपासूनच मिळतो. उभ्या गाडीला पुन्हा हलवायला इंजिन फिरते ठेवावे लागत नाही.

आणि निरीक्षक आजवर डोळ्याबरोबर कानही वापरत होता. चढाच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज पडला, क्लच दाबला गेला, की त्याला कळायचे की आता गाडी थांबते आहे, आणि तो चाकाकडे वाकून बघायचा. विजेची गाडी थांबली तरी शांत असते आणि सरकत असली तरी शांतच असते. स्वाराच्या गुणपत्रकात दंडगुणाचे भोक पाडण्यासाठी हात पुढे करताना त्याच्याकडे आता फक्त चाकाचा आस आणि त्याखालचा दगड एवढेच उरले आहे.